दूरचा माल, झाकलेला माल

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, मालकी नसताना माल विकणाऱ्याची चर्चा जिथे संपते तिथेच विक्रीविषयीचा एक आटोपशीर नियम आहे. एका मालात दुसरा मिसळून विकू नये, हिणकस माल चांगला म्हणून विकू नये, मापात कमी देऊ नये, आणि जो माल दूर आहे किंवा झाकलेला आहे तो विकू नये. यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर कुणाचे दुमत होणार नाही. शेवटची मात्र आजच्या व्यापाराला थेट भिडते. ऑनलाइन दुकानातला माल दूरही असतो आणि झाकलेलाही: तो भिवंडीच्या एखाद्या गोदामात खोक्यात असतो आणि गिऱ्हाईक नाशकात किंवा नेवाशात बसून त्याचा फोटो पाहत असते. म्हणून एखादा धंदा ऑनलाइन विक्रीला योग्य आहे का, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटला तरी मुळात तो धर्माचा आणि ज्ञानाचा आहे. जे दिसत नाही ते कशाच्या भरवशावर घ्यायचे, आणि तो भरवसा देण्याचा अधिकार कोणाला, असे त्याचे खरे रूप.

नियमामागचे कारण भाजी मंडईत पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. वांगी घेणारी बाई आधी देठ पाहते, मग वांगे तळहातावर तोलते, कारण जड वांगे बियांचे निघते असा तिचा अनुभव असतो, आणि कीड लागली आहे का म्हणून ते सगळीकडून फिरवून बघते. विकणाऱ्याला मालाचे सगळे ठाऊक असते, घेणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. ती दरी डोळे, हात आणि नाक मिळून थोडीफार बुजवतात. माल दूर गेला की ही तिन्ही साधने एकदम हातची जातात आणि उरतो तो फक्त विकणाऱ्याचा शब्द. स्मृतिकाराने एवढा भार शब्दावर टाकायला नकार दिला.

शब्द किती भार पेलू शकतो याचा विचार न्यायदर्शनाने फार बारकाईने केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द म्हणजे कुणाचाही शब्द नव्हे, तर आप्ताचा. आप्त कोण, याचे उत्तर भाष्यकार वात्स्यायनाने दिले आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. कुळाचा, विद्येचा, पंथाचा इथे संबंध नाही. दोनच अटी आहेत. माल माहीत हवा, आणि तो आहे तसा सांगण्याचे मन हवे. ऑनलाइन विकू पाहणाऱ्या दुकानदाराची पहिली परीक्षा याच दोन अटींवर होते. ज्याने स्वतः माल हाताळलेला नाही, जो दुसऱ्याच्या यादीतले फोटो आपल्या पानावर डकवून मागणी आली की परस्पर माल रवाना करायला सांगतो, तो पहिल्याच अटीत नापास होतो. त्याचा हेतू कितीही चांगला असो, त्याला सांगण्यासारखे काही ठाऊकच नसते.

न्यायदर्शनातले तिसरे साधन, उपमान, या प्रश्नाला आणखी जवळचे आहे. त्याचे परंपरागत उदाहरण गवयाचे. नगरात राहणाऱ्या माणसाला गवय हा रानटी प्राणी ठाऊक नसतो. रानात राहणारा त्याला सांगतो की गवय गाईसारखा असतो. पुढे तो माणूस रानात जातो, गाईसारखा एक प्राणी त्याच्या समोर येतो, ऐकलेले वाक्य आठवते आणि तो ओळखतो की ज्याला गवय म्हणतात तो हाच. वर्णन आधी मिळते, ज्ञान मात्र वस्तू समोर आल्यावर पुरे होते. ऑनलाइन खरेदीची घडण हुबेहूब अशी आहे. फोटो आणि मजकूर म्हणजे रानवासीयाचे वाक्य. खोके उघडण्याचा क्षण म्हणजे रानात जाणे. जे मागवले ते हेच, अशी ओळख पटली तर व्यवहार पुरा झाला. नाही पटली तर पैसे देऊन झाले असले तरी, ज्ञानाच्या दृष्टीने, खरेदी अजून झालेलीच नाही. फोटोला प्रत्यक्षाचा दर्जा देणे ही या व्यवहारातली मूळ चूक आहे. फोटो ही दाखवणाऱ्याने निवडलेली बाजू असते, म्हणून तो शब्दाचाच एक प्रकार आहे.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय आणि तारे हा भाग अनुमानाचा. पुष्कळांनी चांगले म्हटले, तेव्हा माल चांगला असणार, हे धूर पाहून अग्नी ओळखण्यासारखे आहे. पण धूर खरा हवा. लांबून दिसणारे धुके धूर समजून केलेले अनुमान फसते, हे उदाहरण नैयायिकांच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येते. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय हे तसले धुके. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, आणि त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई केली, ती याचसाठी.

मात्र डोळ्यांनी पाहून घेण्याचा हक्क पूर्वी सगळ्यांनाच होता, असे मानले तर मोठा अन्याय होईल. ज्या ग्रंथातला हा नियम, तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. ज्यांनी जाळला त्यांच्या वाडवडिलांना दुकानाची पायरी चढता येत नव्हती. माल त्यांच्यासाठी दुकानासमोर उभे असतानाही दूरच होता. निवडायला हात लावायची सोय नव्हती, वरून टाकले जाईल ते घ्यायचे होते. मोबाइलच्या पडद्यावर मागणी नोंदवणाऱ्याची जात दुकानदाराला दिसत नाही, भाव चेहरा पाहून सांगितला जात नाही, आणि न आवडलेला माल परत करताना कुणापुढे वाकावे लागत नाही. दूरच्या विक्रीची ही बाजू लहान नाही. प्रत्यक्षाचा कैवार घेताना ते प्रत्यक्ष कुणाच्या वाट्याला येत होते, हेही पाहावे लागते.

दूरचा माल विकू नये हा नियम व्यापाराने कधीच पुरता पाळला नाही. पाळणे शक्यही नव्हते. म्हणून धर्मशास्त्राला त्याच्या जोडीला दुसरा विचार करावा लागला, आणि या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. व्यवहाराच्या, म्हणजे न्यायनिवाड्याच्या, अठरा पदांत एक पद खरेदी-विक्री मोडण्याचे आहे. खरेदीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाला त्यात अनुशय असा शब्द आहे. विकत घेतल्यावर किंवा विकल्यावर ज्याला अनुशय होईल त्याने दहा दिवसांच्या आत माल परत द्यावा किंवा घ्यावा, असे मनू सांगतो. याज्ञवल्क्य अधिक खोलात जातो. तो प्रत्येक प्रकारच्या मालाला वेगळी मुदत देतो. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर त्यामागची दृष्टी लक्षात येते. मुदत मालाच्या किमतीवर ठरलेली नाही. मालाचे खरे रूप उघड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढी ती आहे. लोखंड ठोकून, वाकवून त्याच दिवशी कळते. गाय खरोखर किती दूध देते हे दोन-तीन दिवस धार काढल्याशिवाय कळत नाही. बैल कामाला जुंपून पाहावा लागतो. रत्न जाणकाराला दाखवायला आठवडा हवा. आणि बी पेरल्यावर उगवले की नाही, हे कळायला आठ-दहा दिवस जातातच. तोवर उत्तम बी आणि किडके बी मुठीत सारखेच दिसते. त्याच यादीत दास आणि दासी यांच्याही मुदती आहेत. माणसाला माल मानणाऱ्या काळाची ती खूण आहे. विक्रीयोग्य काय, याची यादी शास्त्रात असली तरी कायमची नसते, हेही त्यावरून दिसते.

नारदस्मृती आणखी दोन पावले पुढे जाते. माल त्याच दिवशी परत केला तर पुरे पैसे मिळावेत; दुसऱ्या दिवशी तिसावा हिस्सा कापला जावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. आणि घेणाऱ्याने आधी स्वतः मालाची पारख करावी. पारखून, पसंत करून घेतलेला माल परत होत नाही. इथे एक प्रमाण हाती येते. आधी जितकी पारख करता आली, तितका नंतरचा अनुशयाचा हक्क कमी. मग जिथे आधी काहीच पारखता येत नाही, त्या दूरच्या विक्रीत तो हक्क सर्वांत मोठा असायला हवा. परतीची सोय ही विक्रेत्याने दाखवलेली मेहेरबानी नव्हे. गिऱ्हाइकाचे जे डोळे आणि हात काढून घेतले, त्यांची ती भरपाई आहे. नारद गिऱ्हाइकालाही सोडत नाही. वापरून मळवलेले वस्त्र, त्यात मुळात दोष असला तरी, विकणाऱ्याकडे परत जात नाही, असे तो स्पष्ट सांगतो. लग्नात नेसून झालेली साडी चार दिवसांनी पसंत नाही म्हणून परत पाठवणाऱ्यांसाठी हा नियम आजही जसाच्या तसा लागू आहे.

यातून धंद्याच्या योग्यतेची पहिली कसोटी निघते. माल परत घेणे ज्याला परवडत नाही, त्याने तो माल दुरून विकू नये. साधा हिशेब घ्यावा. समजा, तीनशे रुपयांच्या पितळी निरांजनावर बांधणी आणि पाठवणी वजा जाता ६० रुपये सुटतात. पाठवायला ७०, परत आणायला ७०, आणि खोके-भुसा २० रुपयांचा. दहा निरांजने गेली आणि दोन परत आली, तर आठांवर ४८० रुपये मिळतात, दोनांवर ३२० जातात. हाती १६० उरतात. तीन परत आली तर ४२० मिळतात आणि ४८० जातात. म्हणजे दहात तिसरे निरांजन परत आल्याबरोबर सगळ्याच विक्रीवर पाणी फिरते. इथपर्यंत हा नुसता हिशेब आहे. धर्माचा प्रश्न पुढे सुरू होतो. ज्याचा हिशेब असा काठावर आहे, तो दुकानदार तिसऱ्या परतीला फोन उचलणार नाही. फोटोत पोचा दिसत असूनही तो वाटेत पडला असे सांगेल, सबबी शोधेल. तो मुळात खोटा माणूस असेलच असे नाही. त्याने असा व्यवहार पत्करला, की ज्यात खरे वागणे त्याच्या ऐपतीबाहेर गेले. मीमांसकांनी कर्माचा अधिकार ठरवताना इच्छेबरोबर सामर्थ्यही मोजले ते यासाठी. नुसती फळाची इच्छा असून भागत नाही. कर्म शेवटपर्यंत, सर्व अंगांसह नेता येईल का, हे पाहावे लागते. दूरच्या विक्रीत परत घेणे हे कर्माचे अंगच आहे.

दुसरी कसोटी मालाच्या जातीची. इथे इस्लामी धर्मशास्त्राने केलेला विचार फार उपयोगी पडतो, आणि तो महाराष्ट्राला परका नाही, कारण कोकणी मुसलमान शाफई मताचे आणि दख्खनचे बहुतेक हनफी मताचे. न पाहिलेल्या ठरावीक वस्तूची विक्री शाफई मताच्या प्रचलित भूमिकेनुसार वैध नाही. हनफी मतानुसार ती होते, पण वस्तू पाहिल्यावर सौदा मोडण्याचा हक्क घेणाऱ्याकडे राहतो. याखेरीज सलम नावाचा एक सौदा दोन्ही मतांत मान्य आहे. पूर्ण रक्कम आगाऊ द्यायची, माल नंतर घ्यायचा. अट अशी की मालाची जात, माप आणि देण्याची तारीख आधीच स्पष्ट ठरलेली हवी. म्हणजे जो माल शब्दांत पुरता बसतो, तोच न पाहता विकता येतो. गहू बसतो, खजूर बसतो. हनफी मतात जनावर बसत नाही, कारण एक बैल दुसऱ्यासारखा नसतो. एका नेमक्या बागेचे फळही बसत नाही, कारण ती बाग यंदा फळेलच असे नाही. नुसता मोहर पाहून कोकणात आंब्याचे सौदे होतात आणि अवकाळी पाऊस आला की दोन्हीकडचे लोक अडचणीत येतात, तेव्हा या अटीमागचा अनुभव किती खरा होता ते कळते.

या कसोटीवर पोथ्यापुस्तकांचा धंदा निःशंक उतरतो. दासबोधाच्या एकाच आवृत्तीची एक प्रत दुसऱ्यापेक्षा वेगळी नसते. दुकानात जाऊन चाळली तरी पडद्यावर कळले त्यापेक्षा फार काही हाती लागत नाही. उदबत्ती, कापूर, मोहोरबंद डब्यातले तूप, ठरावीक मापाचे तांब्याचे तबक या सगळ्या शब्दांत बसणाऱ्या वस्तू. पण इथेच एक पेच आहे आणि तो फार थोडे जण लक्षात घेतात. जी वस्तू शब्दांत पुरती बसते, तिला सांगणाऱ्याची गरज उरत नाही. तोच डबा शंभर जण विकतात, आणि गिऱ्हाईक दोन रुपये कमी असतील तिकडे जाते. ऑनलाइनला सर्वांत सहज जमणारा माल हा लहान दुकानदाराला सर्वांत कमी तारणारा माल असतो. त्याचे जे भांडवल, म्हणजे मालाची पारख आणि माणसांची ओळख, त्याला तिथे काहीच भाव नसतो.

उलट पैठणी. येवल्यात हातमागावरची पैठणी दाखवणारा दुकानदार आधी पदर उलटा करतो. खऱ्या विणीत पदरावरचा मोर उलट बाजूनेही जवळपास तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरता जाऊन शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवलेला असतो. यंत्रमागावर विणलेल्या नकलेत मागे सुटे, ताणलेले धागे दिसतात. ही एका क्षणाची क्रिया आहे, आणि त्यात त्या धंद्याची सगळी सचोटी सामावलेली आहे. फोटोत समोरची बाजू दिसते. म्हणून जो विणकर आपल्या पानावर प्रत्येक साडीच्या उलट बाजूचाही फोटो टाकतो, विणीत राहिलेली गाठ दाखवतो, आणि हाच नग येईल, याच्यासारखा दुसरा नव्हे, असे लिहून देतो, त्याने न पाहिलेल्या मालाला शक्य तितके प्रत्यक्षाजवळ आणले. मालाचा दोष विकणाऱ्याने आपण होऊन सांगणे ही दूरच्या विक्रीतली सर्वांत खरी आप्तवाणी. तेवढी तयारी असेल तर एकमेवाद्वितीय वस्तूचा धंदाही ऑनलाइन चालतो, आणि जिथे पुस्तकविक्रेत्याची गरज संपते तिथेच विणकराची गरज वाढते.

तिसरा प्रकार अशा मालाचा, जो समोर असूनही झाकलेलाच असतो. हापूस देठापाशी हुंगला, रंग पाहिला, बोटाने दाबला, तरी आतला साका कापल्याशिवाय दिसत नाही. मधाचे, बियाण्याचे, तुपाचे तेच. रुद्राक्षाची मुखे डोळ्यांनी मोजता येतात, पण एखादे मुख कोरून काढले आहे का, हे सामान्य भक्ताला कळत नाही. अशा मालात दुकानात जाऊनही गिऱ्हाईक शब्दावरच विसंबून असते. म्हणून हा माल ऑनलाइन गेला तर त्याच्या स्वरूपात विशेष फरक पडत नाही; फरक पडतो तो शब्द कोणाचा, यात. मुंबई-पुण्याची अनेक घरे वर्षानुवर्षे देवगड-रत्नागिरीच्या एकाच बागायतदाराकडून पेटी मागवत आली ती इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून, पत्र लिहून किंवा फोन करून. पेटीत चार आंबे साक्याचे निघाले तर पुढच्या पेटीत सहा जास्त येत. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते त्या ओळखीच्या जागी, अनोळखी गिऱ्हाइकासाठी उभा केलेला आप्त आहे. बियाण्याला याज्ञवल्क्याने दिलेली दहा दिवसांची मुदत या जातीच्या मालासाठीच होती: पाहून कळत नसेल तर वापरून कळेपर्यंत सौदा उघडा ठेवा.

काही धंदे माल नव्हे तर काळ विकतात, आणि त्यांचा निकाल लवकर लागतो. मोगऱ्याचा गजरा, उकडीचे मोदक, सकाळच्या पूजेची फुले गावातल्या गावात पोचतात. फोनवर मागणी घेतली तरी तो व्यवहार शेजारचाच असतो.

महाभारताच्या शांतिपर्वातली तुलाधाराची कथा या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घालते. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला गर्व झाला, तेव्हा त्याला कळले की धर्मात वाराणसीचा वाणी तुलाधार त्याच्याहून मोठा आहे. तुलाधार स्वतः काही पिकवत नाही. सुगंधी द्रव्ये, लाख, रस असा माल तो दुसऱ्यांकडून घेतो आणि कपट न करता विकतो. मद्य मात्र विकत नाही. आपला तराजू सर्व भूतांसाठी सारखा आहे, हे त्याचे सांगणे. एक मध्यस्थ, घेणारा-विकणारा, तपस्व्याचा गुरू होतो. याचा अर्थ असा की आप्त होण्यासाठी माल स्वतः बनवावा लागत नाही. पण काय विकायचे नाही हे ठरवावे लागते, आणि माप गिऱ्हाइकाच्या नजरेआडही तेच ठेवावे लागते. तराजू दुकानात गिऱ्हाइकाकडे तोंड करून असतो. दूरच्या विक्रीत तो गोदामात असतो आणि त्याच्याकडे पाहणारे कुणी नसते. तुलाधाराचा धर्म तिथे अधिक कठीण होतो, पण बदलत नाही.

या सगळ्यानंतर असा एक भाग उरतो, जो माल नाहीच. दुकानात त्याची विक्री होते असे वाटते, पण तो विकला जात नसतो. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणारा व्यापारी, दिवसाची पहिली विक्री झाली की ‘भवानी झाली’ म्हणून ती नोट कपाळाला लावणारी भाजीवाली, सत्यनारायणाची यादी वाचता वाचता ‘गुरुजी चौरंगाला केळीचे खुंट सांगायला विसरले बघा’ म्हणून ते बांधून देणारा पूजासाहित्याचा दुकानदार, पगार होईपर्यंत वहीत मांडून ठेवणारा वाणी. यांपैकी काहीच खोक्यात भरता येत नाही. जो धंदा मुख्यतः यावर चालतो, त्याचे साहित्य ऑनलाइन टाकले तर साहित्य जाते, धंदा जात नाही. गावातल्या वाण्याच्या दुकानातून उधारी आणि ओळख काढून टाकली तर उरणारी साखर कुठेही मिळते. अशा दुकानदाराने ऑनलाइन जाऊ नये असे नव्हे. त्याने आपण काय विकतो हे आधी ओळखावे, एवढेच या प्रकाराचे मागणे आहे.

धार्मिक वस्तूंत हा भेद सर्वांत तीव्र होतो. मनूने दहाव्या अध्यायात, आपत्काळी वैश्यवृत्ती पत्करणाऱ्या ब्राह्मणाने काय विकू नये याची लांब यादी दिली आहे. तीत तीळ, मीठ, शिजवलेले अन्न, दूध, मध यांबरोबर पाणीही आहे. ती यादी एका वर्णापुरती आणि एका परिस्थितीपुरती होती. पण जे मूल्यवान आहे ते सगळेच मोलाने द्यायचे असते असे नाही, ही कल्पना तिच्याहून जुनी आणि तिच्याहून व्यापक आहे. गंगेचे पाणी पूर्वीपासून दूर जात आले. काशीयात्रेहून आणलेले, डाख देऊन तोंड बंद केलेले तांब्याचे गडू अजून अनेक देवघरांत आहेत. तो माल दूरचाही होता आणि झाकलेलाही. आत गंगाजलच आहे याची खात्री देणारा एकच, ते स्वतः वाहून आणणारा घरचा माणूस. २०१६ पासून टपाल खाते बाटलीबंद गंगाजल पोचवू लागले. आता आप्ताच्या जागी सरकारी मोहोर आली. ज्याला श्रद्धेने पाण्याचा उगम हवा त्याला ती पुरते. ज्याला यात्रा हवी, तिचे कष्ट आणि परतल्यावरचे मावंदे हवे, त्याला पुरत नाही. दोघांचीही मागणी खरी आहे, पण ती एकच वस्तू नाही.

प्रसादाचे तसेच. नैवेद्य आणि प्रसाद यांत पदार्थाचा फरक नसतो. मध्ये अर्पण झालेले असते. ते अर्पण कुठल्याही चाचणीत सापडत नाही. २०२० साली करोनाच्या दिवसांत शबरीमलाचे देवस्थान आणि टपाल खाते यांनी ४५० रुपयांचा प्रसादाचा संच घरपोच देण्याची सोय केली. अर्पण जिथे झाले त्याच संस्थेचा शब्द खोक्याबरोबर होता, म्हणून ते प्रसाद म्हणून स्वीकारले गेले. याउलट जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येतली प्राणप्रतिष्ठा होण्याच्या तोंडावर, एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर त्या मंदिराचा प्रसाद म्हणून मिठाई विकली जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. पेढा चांगला असेलही. पण विकला जात होता तो पेढा नव्हता, न घडलेले अर्पण होते, आणि त्याचा अनुशयही कुणाला नोंदवता येत नाही. देवस्थान आणि भक्त यांच्यामध्ये तिसरा कोणी विक्रेता म्हणून आला की प्रसाद ऑनलाइन विक्रीला योग्य राहत नाही, असेच म्हणावे लागते.

पौरोहित्याचा प्रश्न याहून सोपा आहे. परदेशातल्या मराठी घरांत गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर पूजा सांगतात. पूजा यजमान करतो, गुरुजी सांगतात. सांगणे दुरून होऊ शकते. काळजी एवढीच घ्यावी लागते की संकल्पात देशकाल यजमानाचा यावा. गोदावरीच्या दक्षिण तीराचा उच्चार न्यू जर्सीतल्या बैठकीत लागू पडत नाही, आणि तिथली तिथीही तिथल्या सूर्योदयाने ठरते. ज्या गुरुजींना हे ठाऊक आहे त्यांचा धंदा दूर जायला योग्य आहे.

पेणच्या गणेशमूर्तींत या सगळ्या कसोट्या एकत्र येतात. मूर्ती शाडूची, ठिसूळ. एकाच साच्यातल्या दोन मूर्तीही डोळ्यांच्या आखणीने वेगळ्या होतात, आणि घरचे लोक मूर्ती निवडतात ती त्या डोळ्यांवरून. म्हणजे ती शब्दांत बसत नाही. तरी पेणहून मूर्ती समुद्रमार्गे परदेशी जातात, भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधी रवाना होतात. धर्माच्या दृष्टीने त्याला अडचण नाही, कारण कारखान्यातून निघालेली मूर्ती अजून देव झालेली नसते. ती माती आणि रंग असते आणि तिच्यावर मालाचे सगळे नियम चालतात. म्हणून विकणाऱ्याने प्रत्येक मूर्तीचा तोंडाजवळून घेतलेला फोटो आणि उंची इंचांत द्यावी, आणि खोक्यात बोट मोडलेले निघाले तर दुसरी मूर्ती वेळेत पोचेल इतक्या आधी माल रवाना करावा. घेणाऱ्याने खोके पोचल्याच दिवशी उघडावे. चतुर्थीच्या सकाळी चौरंगावर मूर्ती बसते, प्राणप्रतिष्ठेचे मंत्र होतात, अक्षता पडतात. तिथून पुढे मूर्तीत काही खोट दिसली तरी ती परत पाठवता येत नाही. तिच्यावर अनुशयाची कोणतीही मुदत लागू होत नाही. उत्तरपूजा करून तिचे विसर्जनच करायचे असते.